तपासणी पूर्ण होऊ द्या

४ नोव्हेंबर

आलो बाई एकदाचे! सामान वर चढवताना कपाटाचा एक पाय मोडला, शेगडी अजून खोक्यातच आहे, आणि भिंगरी या खोलीतून त्या खोलीत धावत आपलं घर, आपलं घर म्हणून ओरडतेय. दोनच तर खोल्या. पण खिडक्या मोठ्या आहेत, आणि खाली लॉन्ड्री असल्यामुळे इस्त्रीचा उबदार वास जिन्यातून वर येतो. ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिने आल्या आल्या ही डायरी हातात ठेवली. म्हणाली, यात लिही, नाहीतर रोज फोन करून माझं डोकं खाशील.

शाळेत भिंगरीला वेगळ्या नावाने ओळखतात. भिंगरी फक्त माझी. नऊ वर्षांची झाली तरी एका जागी टिकत नाही. डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ जाते, झोपाळ्यावरून पडली होती त्याची. पुढच्या दोन दातांच्या फटीतून अशी शीळ घालते की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. तिचे बाबा गेल्यावर ती वर्षभर गप्प झाली होती. अक्षरशः गप्प. हो-नाही एवढंच. आता पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू झालाय, आणि तो पुन्हा कधी बंद पडू नये, एवढ्यासाठी मी गाव सोडून ताईच्या जवळ आले.

उद्यापासून काम सुरू.

६ नोव्हेंबर

फोटो स्टुडिओ मला आवडला. पुढे काउंटर, मग जाड पडदा, पडद्यामागे स्टूल आणि पांढऱ्या छत्र्यांचे दिवे, आणि सगळ्यात मागे माझी खोली. खोली कसली, कपाटच. त्यात कॉम्प्युटर, स्कॅनर आणि मी. काम तेच, जे मी वर्षानुवर्षं करत आलेय: कुणाच्या गालावरचा फोड पुसायचा, कुणाला कोट चढवायचा, जुन्या फोटोंच्या घड्या मिटवायच्या. चेहऱ्यावरचा डाग असा पुसत नाहीत, तर शेजारची चांगली त्वचा उचलून त्यावर बसवतात. आईला माझं काम सांगितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे ठिगळच की!

मालकांना सगळा बाजार मामा म्हणतो. टक्कल, पोट, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच विनोद, की हसा, हसण्याचं वेगळं बिल नाही.

कॉम्प्युटर मात्र फार म्हातारा. सुरू केला की आधी काळा पडदा येतो आणि त्यावर पांढरी अक्षरं: डिस्क नीट बंद झाली नव्हती, तपासणी करायची आहे, नको असेल तर कुठलीही कळ दाबा. खाली उलटे आकडे धावतात. कळ नाही दाबली की तपासणी सुरू, आणि मग फाइलींची नावं सरकत राहतात, मुंग्यांची रांग चालावी तशी. हे रोज. कारण मामा रोज दुकान बंद करताना भिंतीवरचा मेन स्विचच खाली ओढतात. पूर्वी कधी तरी वायर पेटून पडदा जळाला होता, तेव्हापासून त्यांचा हात आपोआप तिकडे जातो. मी म्हटलं, मामा, आधी मशीन तर बंद करू द्या. तर म्हणाले, सकाळी उठतंय ना ते? मग!

तपासणी चालू असेपर्यंत मामा चहा करतात. दोन कप. मला वाटलं दुसरा माझा, पण माझा तिसरा निघाला. तो दुसरा कप टेबलाच्या कोपऱ्यावर गार होतो आणि मामा तो बेसिनमध्ये ओततात. कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, सवय. कसली ते आठवत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये केसांच्या पिना सापडल्या. माझ्याआधी इथे कोण बसायचं? मामा म्हणाले, कोणीच नाही, मीच. आणि पिना? टकलावरून हात फिरवत म्हणाले, तरुणपणी फार केस होते हो.

हसून हसून पोट दुखलं.

१० नोव्हेंबर

दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी माझं उरकून घेतलं. आमचा जुना अल्बम स्कॅन केला: आई-अण्णा, ताई नि मी, शाळा, कॉलेज, लग्न. फोन तर गच्च भरला होता. भिंगरीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याच मशीनवर टाकले आणि फोन रिकामा केला. बोबडं बोलतानाचा एक मोठा व्हिडिओ आहे तोही, ज्यात ती थांबतच नाही. तिच्या एकटीचं एक फोल्डर केलं, आणि आमच्या दोघींच्या फोटोंचं वेगळं, ‘आम्ही दोघी’. डिस्क जवळजवळ भरलीच आहे, मामांनी जन्मभरात काढलेली सगळी माणसं तिच्यात बसली आहेत.

फोन रिकामा झाल्यावर उगाच हलकं वाटलं.

१३ नोव्हेंबर

परीक्षेच्या अर्जांचे दिवस. दुकान उघडायच्या आधीपासून रांग. मामा दूध आणायला गेले होते, पोरं खिडकीवर टकटक करत होती, आणि ती मुंग्यांची रांग संपता संपेना. मी मशीन परत सुरू केलं आणि आकडे धावायला लागताच कळ दाबली. झटक्यात चालू! मामा आले तोवर तिघांचे फोटो हातात दिले होते. त्यांनी काळ्या पडद्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्याचं काही अडत नाही. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, बरं, तुम्हाला जास्त कळतं.

आता रोज अशीच कळ दाबते. वेळ वाचतो.

१९ नोव्हेंबर

भिंगरीचा एक फोटो ताईसाठी छापायचा म्हणून उघडला. कपाळ ठीक, आणि भुवईपासून पुढे राखाडी पट्टा. फाइल बिघडली असावी. दुसरा उघडला. त्यातही तिथेच पट्टा.

२० नोव्हेंबर

सकाळी वेणी घालताना पाहिलं, तिच्या भुवईत रेघ नाही. सलग काळेभोर केस. खिडकीशी नेऊन पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. ती वैतागली, म्हणाली, आई, मी फोटो आहे का? झोपाळ्यावरून पडल्याचं विचारलं तर म्हणे, कोण पडलं?

ताईला फोन केला. ती पडली तेव्हा आम्ही ताईकडेच आलो होतो, रक्त थांबेना म्हणून तीच रिक्षाने घेऊन गेली होती, तिच्या साडीवर डाग पडला होता. ताई म्हणाली, काहीतरी काय बोलतेस, पोरीला कधी साधा ओरखडा तरी आलाय का! वर म्हणाली, दमलीस तू, झोप काढ.

मी दमलेय हे खरं आहे.

२२ नोव्हेंबर

मामांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. बाजारात त्याला डॉक्टर म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. मशीनला स्टेथोस्कोप लावायची नक्कल करून मगच झाकण उघडतो. मी विचारलं, सुरू होताना हे मशीन स्वतःहून तपासणी का मागतं?

तो म्हणाला, बाई, सोपं आहे. मशीन जागं झालं की डिस्कवर एक खूण करतं, की माझं काम चालू आहे. नीट बंद केलं की खूण पुसून झोपतं. तुम्ही मध्येच वीज तोडलीत की खूण तशीच राहते. सकाळी ते खूण बघतं आणि घाबरतं, की काल मी काहीतरी लिहिता लिहिता मेलो होतो, आता कशाचा भरवसा? मग अनुक्रमणिका आणि पानं एकेक जुळवून बघतं. जो तुकडा कुणाचाच नाही तो कापून बाजूला टाकतं. जी जागा किडली तिच्यावर फुली मारतं, आणि तिथे वाचता येईल तेवढं उचलून चांगल्या जागी नेतं. फुली मारलेल्या जागी पुन्हा कधी काही लिहायचं नाही.

आणि कळ दाबून तपासणी टाळली तर?

तर खूण तशीच राहते, तो म्हणाला, आणि कीड पसरते. वर हसला. तुमच्यासारख्या घाईच्या लोकांवरच आमचं घर चालतं!

मला भुवईतली रेघ आठवली. तरी मी त्याच्याबरोबर हसले.

२३ नोव्हेंबर

आज कळ दाबली नाही. हात बांधून पडद्यासमोर बसले. मामांच्या हजारो माणसांची नावं सरसर गेली. मग रांग अडली. तिच्या फोल्डरचं नाव. वाचता येत नाही. वाचता येत नाही. वाचता येत नाही. हलवायला जागा अपुरी. सोडून दिले.

सोडून दिले, म्हणजे काय?

दुपारी ती शाळेतून आली. मी म्हटलं, शीळ घाल ना. तिने माझ्याकडे बघितलं. शीळ कशी घालतात, तिने विचारलं. तिचे दात एकमेकांना चिकटून, सरळ, सुंदर. कुठे फट नाही.

तिला जवळ घेऊन बसले. 

२५ नोव्हेंबर

कापून टाकलेले तुकडे मशीन एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. डॉक्टरनेच फोनवर सांगितलं, कसं उघडायचं ते. तिथे नावं नाहीत, नुसते क्रमांक. एक उघडला. तरुण मामा, दाट केस, गळ्यात हार. शेजारी राखाडी पट्टा. आणि पट्ट्यातून बाहेर आलेला एक हात, त्यांच्या खांद्यावर ठेवलेला. बोटांना मेंदी.

मी मामांना बोलावलं. ते स्वतःला बघून खूश झाले, म्हणाले, बघा, सांगितलं होतं ना केस होते म्हणून! मग त्या हाताकडे बघत राहिले. मी विचारलं, तुमचं लग्न कुणाशी झालं? ते म्हणाले, माझं लग्न झालंच नाही हो. आणि रडायला लागले. लहान मूल रडतं तसे. पुन्हा पुन्हा म्हणत होते, मला काय झालंय, मी का रडतोय, बाई, मी का रडतोय?

ती इथे बसायची. याच खुर्चीत. पिना तिच्या.

मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? कुणाचं दुःख करायचं तेसुद्धा त्यांच्याकडे उरलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

सगळं करून पाहिलं. फोटो पेनड्राइव्हवर घेतले, राखाडी पट्टा त्यांच्याबरोबर आला. कागदावर छापले, तर पट्टाच छापून आला. मग म्हटलं, मशीन सुरूच करायचं नाही. मामांना सांगितलं, आज बिघडलंय.

घरी आले तर भिंगरी टेबलाशी बसलेली. चमचा तोंडाच्या वाटेवर, अर्ध्यात. ताई शेजारी तिला हलवत होती. सकाळपासून अशीच, म्हणाली. डोळे उघडे. श्वास चालू. हाक मारली तर नाही, चिमटा काढला तरी नाही—

मी धावत परत गेले. दुकान उघडायला लावलं. मशीन लावलं. तपासणी होऊ दिली. ताईचा फोन आला, की हलली, जेवली.

पण बोलत नाही.

२७ नोव्हेंबर

बोलत नाही. हो-नाही सुद्धा नाही. डॉक्टरांकडे नेलं, माणसांच्या. ते म्हणाले, घसा उत्तम आहे. ताई म्हणते, अगं, ती पहिल्यापासूनच मुकी आहे ना, तू असं का करतेस?

पहिल्यापासून!

बोबड्या बोलण्याचा तो व्हिडिओ उघडला. पूर्ण राखाडी. आवाज नाही. पण फाइल अजून आहे, कापलेली नाही. आजच्या तपासणीत तिच्यापुढे आलं होतं, वाचता येते, फक्त न्यायला जागा नाही.

२८ नोव्हेंबर

मशीनच्या डॉक्टरला पुन्हा गाठलं. तो म्हणाला, सोपंय, जागा रिकामी करा. चांगल्या जागेवरचं काहीतरी पुसा, म्हणजे तुमचं तिथे जाईल. एवढी अनोळखी तोंडं आहेत आत, त्यातली थोडी उडवा, कुणाला कळतंय!

एक फोल्डर निवडलं. टोपीवाला एक माणूस, फोटो काढून गेला तो परत आलाच नाही. त्याला कोणी नसेल, म्हटलं. एकटाच असेल. बोट कळीवर ठेवलं होतं. भिंगरीचा आवाज डोक्यात होता, दुसरं काही नव्हतं—

पुढचं दार वाजलं. टोपी काढत तो आत आला. मामांना म्हणाला, माझा फोटो फेकून तर नाही ना दिलात? बायकोने हाकलून दिलं, आज घेतल्याशिवाय घरी येऊ नका म्हणून. सगळे हसले. बाहेर त्याची दोन पोरं गाडीवर बसली होती.

मी बोट कळीवरून उचललं.

जे पुसायचं ते माझंच.

२९ नोव्हेंबर

कॉलेजचं फोल्डर पुसलं. मशीन बंद केलं, सुरू केलं, तपासणी होऊ दिली. नावं सरकली, अडली नाहीत.

घरी आले. भुवईत रेघ! मी त्या रेघेचे इतके मुके घेतले की ती मला ढकलायला लागली.

कॉलेजात मी काय शिकले ते आठवत नाही. नसू दे.

३० नोव्हेंबर

लग्नाचं पुसलं. आई-अण्णांचं, शाळेचं, ताई नि माझं, सगळं पुसलं. दातांतली फट परत आली. शीळ वाजली! जिन्यात लॉन्ड्रीवाला ओरडला, कोण आहे रे ते? माझा जीव भांड्यात पडला.

कपाटावर एका माणसाची तसबीर आहे. भिंगरी तिच्यासमोर उभी राहून डोळे मिटते. मला विचारायचा धीर नाही झाला, हे कोण.

ताईने बोलता बोलता मला दोनदा अहो म्हटलं.

बोलणं अजून नाही.

१ डिसेंबर

व्हिडिओ मोठा आहे. माझं सगळं गेलं तरी त्याला जागा पुरत नाही. आता एकच उरलंय. ‘आम्ही दोघी’.

दिवसभर ते फोल्डर उघडून बसले. तिला पहिल्यांदा हातात दिली तो फोटो. माझे केस घामाने चिकटलेले, तिची मूठ माझ्या बोटाभोवती. मी हे पुसलं तर ती राहील. पूर्ण, बोलकी, हट्टी. फक्त तिची आई—

ताईकडे गेले. विचारलं, मला काही झालं तर तिला सांभाळाल ना? मीसुद्धा अहो-जाहो करायला लागलेय. ताई रागावली. म्हणाली, काय विचारता हो, ती माझीच आहे.

भिंगरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तोंड उघडत होती, मिटत होती. घशाच्या शिरा ताणलेल्या. डोळ्यांतून पाणी. तिला माहीत आहे की तिला बोलता यायचं. सगळे विसरले, ती नाही. आत कोंडली गेलीय ती.

बास.

२ डिसेंबर

ती ताईबरोबर पुढे काउंटरपाशी बसलीय. मी मागच्या खोलीत. फोल्डर पुसलं. स्विच खाली ओढला, वर केला.

काळा पडदा. नको असेल तर कुठलीही कळ दाबा. आकडे उतरतायत.

एक कळ दाबली तर ती अजून एक दिवस माझी. मुकी, पण माझी. डावा हात मांडीखाली दाबून बसलेय. उजव्याने लिहितेय, म्हणजे तोही रिकामा नको—

सुरू झालं.

नावं जातायत. मामांची माणसं. टोपीवाला गेला, नीट गेला.

तिचं फोल्डर. अडलं.

हलवत आहे—

हलवत आहे—

बाहेर खुर्ची पडली. हाक आली. आई! आई गं! तिचा आवाज! आई, मला येतंय, ऐक ना, आई, मला बोलता येतंय! देवा, कित्ती भराभर बोलतेय, श्वास तरी घे गं—

उठून जायचंय. पण रांग अजून संपली नाही.

सगळं सांगतेय ती. शाळेचं, लॉन्ड्रीचं, चमच्याचं. ताई हसतेय, रडतेय. मामा पण.

पुन्हा हाक. मावशी, बाहेर ये ना.

मावशी.

हो, चालेल. मावशी पण चालेल. तेवढं तरी राहू दे, तेवढंच—

तिला वरण गार झालेलं आवडत नाही. तापात तिचे तळपाय गार पडतात. झोपताना पाठीवर उलटा हात फिरवावा लागतो, सुलटा चालत नाही. ताई, पाठीवर उलटा—

कुणाच्या पाठीवर

पडद्यावर अक्षरं थांबलीयत. पूर्ण झाले, असं काहीतरी. छान.

पडदा सारून एक मुलगी डोकावतेय. विचारते, अहो काकू, आमचा फोटो कधी काढणार? आई बाहेर खोळंबलीय. मी म्हटलं, आले हं, बाळ. किती गोड बोलते. हसली तर हे असं पोटातून काहीतरी तुटलं माझ्या, का कुणास ठाऊक, आणि हात तिच्याकडे आपोआप गेला, कोण आहे ही, मी हिला कुठेतरी